अण्णांची एक नजर

आमच्या थोरल्या काकांची, म्हणजे अण्णांची, जुन्या हुबळीत कापडाची पेढी होती. "कापड असो की जनावर, मी एका नजरेत सांगतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एकदा कलघटगीच्या बाजारात त्यांनी पोपट घेतला. "गळ्याला पट्टा नाही, म्हणजे ही मादी!"

विकणारा म्हणाला, "अजून पिल्लू आहे अण्णा, थोडं थांबा."

"मला शिकवतोस?"

झालं! पोपटाचं नाव गंगू. काकूंनी हौसेनं पिंजऱ्याला खणाचा पडदा शिवला. अंडी घालेल म्हणून अण्णांनी आत मऊ गवत अंथरलं, आणि रोज सकाळी वाकून बघायचे.

तिसऱ्या वर्षी गंगूच्या गळ्याला लालकाळा पट्टा उमटला. चांगला झोकदार नर! आम्ही पोट धरून हसलो.

अण्णा म्हणाले, "आयुष्यात एवढी एकच चूक झाली."

काकू पडद्याचे टाके उसवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला बघायला आलात, तेव्हाही एका नजरेतच म्हणाला होतात, 'मुलगी अगदी गरीब आहे!'"

अण्णांनी टोपी घातली आणि दुकानाला गेले.

त्या दिवशी दुकानाला सुट्टी होती.