बिनखटक्याचा चाकू

मी, चाकू-कात्रीच्या दुकानाची मालकीण, वय ५९ वर्षे, शिक्षण पदवीपर्यंत, राहणार दुकानाच्याच वरच्या मजल्यावर, पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन जबाब देते की,

दुकान वडिलांचे. त्यांच्यामागे मी चालवते. सध्या पोलिसांच्या ताब्यात दवाखान्यात असलेली बाई माझी भावजय आहे. तक्रार देणारा इसम माझा सख्खा धाकटा भाऊ. त्याचे म्हणणे असे की, बायकोने त्याच्यावर वार करायचे ठरवूनच चाकू आणून ठेवला होता. तो चाकू माझ्या दुकानातून गेला, म्हणून मला बोलावण्यात आले.

मागच्या आठवड्यात दुपारी भावजय दुकानात आली. पार्सले बांधण्याच्या गोदामात ती नुकतीच कामाला लागली आहे. तिथे पट्ट्या कापायला ज्याचा त्याने चाकू आणायचा असतो. ती म्हणाली, "ताई, खिशात मावेल असा घडीचा द्या. स्वस्तातला. आयुष्यात पहिल्यांदा घेतेय, हसू नका." मी म्हटले, "हसायला मला वेळ कुठाय?"

मी दोन चाकू काढले. एकाला खटका होता, म्हणजे उघडलेले पाते अडकून राहते, आपोआप मिटत नाही. दुसरा बिनखटक्याचा, जवळजवळ निम्म्या किमतीचा. त्याच्या पात्याच्या पाठीवर जोर पडला की तो मिटतो आणि बोटे आत सापडतात. हे मी तिला करून दाखवले. पहिल्यांदा घेणाऱ्याने खटक्याचाच घ्यावा असे माझे मत आहे व ते मी सांगितले. वरचे पैसे राहू दे, असेही म्हटले. ती म्हणाली, "नको. महागातली वस्तू दिसली की कुठून आणली ते विचारतात." कोण विचारते ते मी विचारले नाही.

तिने बिनखटक्याचा घेतला. "टोक तेवढं घासून द्या, पार्सलातलं कापड फाटतं," असे तिने स्वतःहून सांगितले. मी टोक सहाणेवर घासून गोल करून दिले. ठाण्यात मला दाखवलेला चाकू तोच आहे. त्याला टोक नाही.

काल संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात जे घडले तेव्हा मी तिथे नव्हते. मी पाहिले तेवढेच सांगते. भावजयीच्या उजव्या हाताची तीन बोटे आतल्या बाजूने हाडापर्यंत कापली आहेत. भावाच्या अंगावर कापल्याची एकही जखम नाही. त्याच्या तळहातावर आडवा निळा वळ आहे. दवाखान्याच्या जिन्यात तो मला म्हणाला, "आक्का, तिला मोठा चाकू हवा होता, एवढंच सांग. आपल्या माणसाच्या बाजूनं बोल." मी म्हटले, "तेच करणार आहे."

ठाण्याचे साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही फक्त विक्रीचं सांगा." मी म्हटले, "विकलं काय ते बघा तरी." त्याच बनावटीचा नवा चाकू मी सोबत आणला होता. तो उघडून, बोटे असतात तिथे मुठीवर साहेबांची पेन्सिल आडवी धरली आणि पात्याच्या पाठीवर तळहाताने जोर दिला. पाते मिटले. पेन्सिलीला खोल खाच पडली. माझ्या तळहातावर आडवा वळ उठला, तो साहेबांना दाखवला. हे लिहून घ्यावे असे मी सांगितले.

भाऊ शाळा सुटली की दुकानात बसायचा. बिनखटक्याचा चाकू पाठीवर दाबून मिटवायचा आणि आधी बोटे बाजूला घ्यायची, हे त्याला मी शिकवले. त्याला ते चांगले येते.

लिहिलेले सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. 'सख्खा' हा शब्द खोडायचा का, असे विचारण्यात आले. खोडू नये. जबाब मी सांगितल्याप्रमाणे आहे व खरा आहे.