पट्टी कापू नका

हॅलो?… हो, मीच त्या मारलेल्या काचवाल्याची बहीण. आधी माझं ऐका. तुम्ही खुन्यांना पोसताय. कोर्टानं दोषी ठरवलेल्या दोन सैनिकांना तुमच्या खात्यानं परत वर्दी दिली, परत बंदूक दिली. कोणाच्या हुकमानं, ते मला आज… काय? आत्या? कोण आत्या?

अगं बाई! ठमे, तू होय!… नंबर कुठला बघतेय, हातात काच कापायची हिरकणी, पुढ्यात अर्धा कापलेला आरसा. मला वाटलं संरक्षण खात्याचाच फोन. आज करतो म्हणालेत… नाही गं, ओरडत नाहीये. सराव झाला समज.

हो… हो… उद्या इतक्या देशांत निदर्शनं?… तुझ्या तिकडची, परदेशातली काचवाल्यांची युनियनसुद्धा? बघ म्हणजे. आणि तुझा बाप इथल्या युनियनच्या मीटिंगला मागच्या बाकावर झोपा काढायचा.

पोस्टर? आलं मोबाइलवर… बघितलं… बघितलं म्हणूनच विचारते. फोटोतला तुझ्या बापाचा उजवा हात कुठे गेला?… हातातली काच मापायची लांब पट्टी दिसत होती म्हणून कापलास?

अगं ऐक ना… नाही, आता तू ऐक. 'लांबून लोकांना बंदूक वाटेल', हे कोणाच्या डोक्यातून निघालं?… निदर्शनाच्या समितीतले म्हणाले आणि तू मान डोलावलीस? ठमे, त्या दोघा सैनिकांचा वकील कोर्टात हेच बोलला होता. हेच! काचवाला पट्टी घेऊन घरी चालला होता, लांबून बंदूक वाटली, म्हणून गोळी घातली.

…रडू नकोस. रागावलेय, पण तुझ्यावर नाही. तू तेव्हा एवढीशी होतीस, तुला कोर्टात नेलंच नव्हतं. त्याच आठवड्यात त्यांच्या चौकीची खिडकी फुटली होती. काच बसवायला बोलावलं कोणाला?… हो, तुझ्या बापालाच. माप घेताना पट्टीचं दुसरं टोक कोणी धरलं?… त्या दोघांतल्याच एकानं! दुसरा शेजारी उभा राहून गप्पा मारत होता. साक्षीत दोघांनी कबूल केलं. न्यायाधीश म्हणाले, जी वस्तू तुम्ही स्वतः हातात धरलीत, ती चार दिवसांत बंदूक कशी झाली? सगळी केस त्या पट्टीवर उभी राहिली, आणि तुम्ही शहाणे तीच कापता!

…छापून झाली? सगळी?… मग राहू दे. लोकांना सांग, पट्ट्या घेऊन या. खऱ्या. काचवाल्यांच्या युनियनला काय तोटा? उद्या या खात्याचे मंत्री तिकडे दौऱ्यावर येऊन गाडीतून उतरले की समोर पट्ट्याच दिसल्या पाहिजेत… पोलिसांची भीती वाटते? तेही खरंच. मग असं करा. एका पट्टीला दोन माणसं. एक या टोकाला, एक त्या टोकाला. माप घेताना धरतात तशी… हं. आता कशी हसलीस!

आणि निवेदनातलं 'माफी मागा' ते खोडून टाक… नको मला माफी! माफी मागून हे मोकळे, आणि ते दोघं सकाळी परेडला. जन्मठेप झाली, मधेच सोडलं, वर थेट नोकरी. खून केलेल्याला सैन्यात ठेवायचं नाही, हा त्यांचाच नियम ना? तो पाळा. बास, एवढंच लिही.

थांब, थांब… दुकानाचा फोन वाजतोय. तेच असणार. तू ठेवू नकोस, मी मोबाइल त्या फोनला लावून धरते. स्पीकर लाव, तिथं हॉलमध्ये जमलेल्या सगळ्यांना ऐकू दे. आणि खोकू नका कोणी.

हॅलो?… हो, बहीण… तुम्हाला दुःख आहे, ते राहू द्या साहेब… चौकशी? चौकशी झाली, खटला झाला, शिक्षा झाली. काय शोधताय आता?… वरून ठरलं? वर म्हणजे कोण? आभाळातून पडलं का?

बरं, एक ऐका. माझ्या भावानं बसवलेली काच तुमच्या चौकीला अजून आहे. काल तिथून गेले. काचेमागे कोण उभा होता, माहितेय?… तोच. पट्टीचं टोक धरणारा. खांद्याला बंदूक… हो, ओळखलं. त्यानंही ओळखलं.

…नाही, 'नंतर कळवतो' नको. मी एकटी नाही या फोनवर. उद्या तुमचे मंत्री जिथे उतरणार, तिथला हॉलभर माणूस ऐकतोय. त्या माणसाला त्या काचेमागे परत कोणी उभं केलं? खातं नका सांगू, नाव सांगा…

हॅलो?… श्वास ऐकू येतोय तुमचा. नाव सांगा.