उजवा कोपरा

नवरा : अगं, ऐकलंस ना? गॅलरीच्या बाई काय म्हणाल्या? "या उजव्या कोपऱ्यात पाणी खरंच हलतंय." अकरा चित्रांतून हेच एक निवडलं. चार वाजता माणूस येणार न्यायला.

बायको : ऐकलं. बाकीची दहा "संयत" आहेत, तेही ऐकलं. सभ्य माणसं असंच म्हणतात.

नवरा : तीस वर्षांची साधना आहे ही.

बायको : त्यातले तीन महिने माझा हात टबात होता, तेवढं धरा. रोज सकाळी गच्चीवर, कोपरापर्यंत पाण्यात. "हलव, अजून हलव, उन्हाच्या रेषा मोडल्या पाहिजेत." सुरकुतलेली बोटं अजून सरळ होत नाहीत.

नवरा : पण पकडल्या की नाही मी त्या रेषा? त्या कोपऱ्यात हात कसा मोकळा सुटलाय बघ.

बायको : कधी सुटला म्हणे?

नवरा : महिना झाला असेल. असलं आठवत नसतं गं, तंद्रीत होतं ते.

बायको : तुम्ही तंद्रीत नव्हतात, न्हाणीघरात होतात.

नवरा : म्हणजे?

बायको : ओल्यावर ओलं थापून त्या कोपऱ्याचा चिखल केला होतात. खालचा थर वाळेपर्यंत तेलरंगाला हात लावू नये, हे दर रविवारी क्लासात पोरापोरींना कोण बजावतं? वर म्हणालात, आजचं ऊनच वाईट आहे. नाचता येईना, अंगण वाकडं. तुम्ही आंघोळीला गेलात आणि मी चिंधी घेऊन तो चिखल पुसला.

नवरा : पुसलास? माझं चित्र?

बायको : खालचा वाळलेला हिरवा लागेपर्यंत. मग सुरीच्या टोकानं पिवळा लावला. एकदा लावला की हात मागे. पुन्हा शिवले नाही.

नवरा : तू आयुष्यात कधी ब्रश धरला नाहीस.

बायको : तेव्हाही नाही धरला. सुरी म्हटलं ना.

नवरा : योगायोग असेल.

बायको : असेल. तीन महिने तुम्ही कॅनव्हासकडे बघत होतात, मी पाण्याकडे. मला दुसरा उद्योग काय होता? रेष कुठून निघते, कुठे तुटते, मला पाठ झालंय.

नवरा : मग बोलली का नाहीस?

बायको : वाटलं, तुमच्या लक्षात येईल. तुम्ही महिनाभर त्या कोपऱ्यासमोर उभे राहून स्वतःचीच पाठ थोपटत होतात. आयत्या बिळावर नागोबा. मला हसू यायचं. आज बाईंसमोर नाही आलं. वाईट वाटलं.

(नवरा बारीक ब्रश उचलून चित्राजवळ जातो.)

नवरा : सही करून ठेवा म्हणाल्यात.

बायको : करा की. नेहमी उजवीकडेच करता, वीतभर लांब. बसेल बरोबर माझ्या पाण्यावर.

नवरा : डावीकडे करतो.

बायको : तिकडे तर नुसता चिखल आहे.

नवरा : हो. तो माझाच आहे.

बायको : आणि उजवीकडे?

नवरा : तिथं तू कर. बाईंना फोन करून सांगतो मी. बारीक ब्रश देऊ?

बायको : नको, त्या कोपऱ्याला आता कुणी हात लावायचा नाही. फोन मात्र माझ्यासमोर करा.