ग्रुपवर टाकलं व्हतं की!

...आन् वरून मलाच म्हणतो, "बन्सीकाका, तुम्ही ग्रुप बघत नाय का?" अरे बघत नाय? बघत नाय?! तुम्हाला सांगतो, डोळे जायची पाळी आली! माझे नाय, माझ्या मायचे. म्हणजे मायचे ग्रुप बघून नाय चालले, ते मोतीबिंदूनं चाललेत... थांबा. डोकं असं फिरलंय ना, मलाच कळंना कुठून सुरू करू.

आमचं गाव शहरापासून लांब नाय, पैठण रोडनं उतरायचं. गावाला पंचायत हाय. आता पंचायत म्हणलं की बातम्या आल्याच ना? पाणी कधी सुटणार, लाइटची डीपी कधी बसणार, जनावरांचं इंजेक्शन आलं का, घरपट्टी भरा... हे माणसाला कळायला नको? पहिले त्याच्यासाठी पंचायतीच्या गच्चीवर भोंगा व्हता आन् माईकवर आमचा चांदपाशा व्हता. चांदपाशा म्हणजे चौकातला टेलर, माझा भिंतीला भिंत शेजारी. पठ्ठ्या शिलाई सोडून जायचा, गळ्यात टेप तसाच, आन् सुरू करायचा, "होऽऽ ऐकाऽऽ! उद्या सकाळी वरच्या आळीला पाणी सुटंल होऽऽ! मोटार लावू नका होऽऽ, पकडलं तर चौकात नाव घेईन होऽऽ!" शेतातला माणूस खुरपं ठेवून घराकडं निघायचा, असा आवाज! बहिऱ्याला सुदीक कळायचं. 

मग आमचं गाव डिजिटल झालं.

सरपंचबाईचा पुतण्या हाय एक, सत्यम. पंचायतीत कॉम्प्युटरवर बसतो, केसाला जेल लावतो. तो म्हणला, "काका, भोंग्याचा जमाना गेला. आता ग्रुप!" भोंगा खाली काढला, चांदपाशाला शाल-नारळ दिला, आन् गावातल्या झाडून सगळ्या मोबाईलांचा एक ग्रुप केला. नाव काय, तर 'आपली पंचायत आपल्या मुठीत'. मुठीत! पन्नास वर्षांत माझ्या दारापुढची नाली मुठीत आली नाय, पंचायत येती व्हय?

आन् त्या ग्रुपवर काय असतं? सकाळी उठलं की गुलाबाची फुलं. फुलं झाली की वाढदिवस. आमच्या गावात रोज कुणीतरी जन्मलेलंच हाय! 'युवकांचे काळीज', 'गोरगरिबांचा वाघ', 'बस नाम ही काफी है'... अरे कोण वाघ? हा तर दहावीला तीनदा बसलेला पोरगा, बाप अजून ह्याचा मोबाईल रिचार्ज करतो! पण त्याच्या फोटोखाली सगळ्या गावानं केक टाकायचा. केक, केक, केक, मधीच एक ओळ, 'उद्या पाणी येणार नाही', परत केक, केक, फटाके. दिसंल का सांगा? आमची बायको हंडे घेऊन नळाला बसून राहती, नळ नुसता सूं सूं करतो, मी तणतणत पंचायतीत जातो, तर हा जेलवाला मान सुदीक वर करत नाय. "ग्रुपवर टाकलं व्हतं की!"

बरं, पाण्याचं सोडा. पाणी आज नाय तर परवा येतं. पण नजर? नजर येती का परवा?

माझ्या मायला, लक्ष्मीबाईला, वरसभरापासून दिसंना झालं. पहिले सुईत दोरा जाईना, मग तांदळातला खडा दिसंना, मग तर दारात मी उभा असलो तर मला म्हणायची, "कोन हाय बाबा? बन्सी घरी नाय." ऐका! माझ्याच घरात मीच नाय! आन् म्हातारी इतकी मानी, काठी घेईना. उंबऱ्याला ठेचाळली तर उंबऱ्यालाच शिव्या घालायची. माझ्या जिवाला नुसता घोर. ही कधी विहिरीकडं गेली तर?

तर म्हणलं डोळ्याचं फुकट शिबिर येतं गावात, शहरातल्या धर्मादाय दवाखान्याचे डॉक्टर येतात, तिथं दाखवू. शिबिर आलं कधी, गेलं कधी, पत्ता नाय! मी संध्याकाळी शेतातून आलो तर शाळेपुढं नुसते चहाचे कप पडलेले. पळत पळत पंचायतीत. सत्यम कुलूप लावू राहिला. "अरे, शिबिर व्हतं म्हणे आज?" "हो काका." "मग सांगायचं नाय?" काय म्हणला असंल? म्हणा, तुम्हीच म्हणा... बरोब्बर! ग्रुपवर टाकलं व्हतं की! कुठं टाकलं? तर दोन वाघांच्या वाढदिवसाच्या मधी.

त्या दिवसापासून मी रागानं ग्रुपचा आवाज बंद केला. आन् हीच माझी चूक झाली, पण ते पुढं येईल.

पुढच्या शिबिराला मी काय केलं, ग्रुपवर भरवसाच ठेवला नाय. रोज सकाळी शाळेपुढं जाऊन उभा राह्यचो. मास्तर म्हणायचे, "बन्सी, तुला परत पहिलीत बसायचंय का?" पण सापडलं शिबिर! मायला नेलं, डॉक्टरनं बॅटरी मारून बघितलं आन् तोंड वाकडं केलं. म्हणले, "डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पार पिकलाय आजी. आता लांबवलं तर आत फुटंल आन् मग देव आला तरी नजर यायची नाय. मंगळवारी सकाळी आमची गाडी येईल, चौकातून नेईल, ऑपरेशन करून परत आणून सोडंल." मला तर डॉक्टरच्या पाया पडावंसं वाटलं, खरं सांगतो.

झालं! सत्यमच्या अंगात आलं. पळत घरी. "काका, आजीचा एक फोटो द्या. पंचायतीच्या प्रयत्नानं ऑपरेशन होणारी गावातली पहिली आजी! ग्रुपवर टाकतो!" पंचायतीचा प्रयत्न! शाळेपुढं पाय मी मोडले, प्रयत्न पंचायतीचा. पण म्हणलं जाऊ दे, पोरगं हाय, हौस हाय. आता मायचा फोटो आणू कुठून? ती फोटोला उभीच राहत नाय. एकच फोटो निघाला. माझी बहीण संध्या शहरात गारखेड्याला राहती, तिच्या वास्तुशांतीला जावईबापूंनी मायचा सत्कार केला व्हता, त्याच्यातला. गळ्यात हा एवढा झेंडूचा हार, आन् फ्लॅश पडला तसे म्हातारीनं डोळे मिटलेले.

...आलं का ध्यानात? तुमच्या आलं, माझ्या नाय आलं! मी देऊन बसलो.

त्या फोटोच्या दोन्ही बाजूंनी त्या शहाण्यानं दोन समया लावल्या. पेटत्या समया! नंतर विचारलं ना मी, "का रे बाबा, समया का?" तर म्हणतो, "दिवा म्हणजे प्रकाश, काका. नजरेचा प्रकाश! थीम व्हती ती." थीम! खाली बारीक अक्षरात ऑपरेशनचं सगळं लिहिलं, आन् जाड अक्षरात काय? 'मंगळवार सकाळी ८ वाजता, चौकातून'.

आता आमच्या गावाची पद्धत तुम्हाला माहीत नाय. आमच्यात खालचं कुणी वाचत नाय. वरच्यानं काय लिहिलं ते बघायचं आन् तेच उचलून चिटकवायचं. वरच्यानं केक टाकला की आपण केक. पहिल्या कुण्या शाण्यानं टाकलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. संपलं! खाली रांगच लागली. भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली, हात जोडलेले, फुलं, परत हात जोडलेले. सरपंचबाईच्या नवऱ्यानं लिहिलं, 'गावात कधीही न भरून निघणारी पोकळी'. आरं, दारापुढचा खड्डा भरंना तुझ्यानं, पोकळीचं कशाला बोलतो?

आन् मी? माझा मोबाईल आवाज बंद करून खुंटीला. मी मायची पिशवी भरू राहिलो, बायको मायला नवं लुगडं काढू राहिली.

मंगळवारी सकाळी माय अंघोळ करून, नवं लुगडं नेसून, ओट्यावर बसली. गाडीची वाट बघत. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाला गलका! दहा-पंधरा बाया, तोंडाला पदर, "अगं लक्ष्मीबाईऽऽ, कशी गेलीस गंऽऽ माय!" मला वाटलं, दुसऱ्या कुठल्या लक्ष्मीबाईचं काही झालं. आन् मायला दिसत तर नाय! तिनं रडणं ऐकलं, लगेच पदर तोंडाला लावला आन् हिनं पण सूर धरला! "अरं देवाऽऽ, कोन गेलं गंऽऽ? सोन्यासारखं मानूस गेलं गंऽऽ!" त्यांच्यात गल्लीतली आशाबाई पुढं व्हती, ती येऊन सवयीनं मायच्याच गळ्यात पडली, दोघी हमसून हमसून रडल्या, आन् मग आशाबाईला कळलं आपण कुणाच्या गळ्यात पडलो. अशी किंचाळली! अशी किंचाळली की माझी म्हैस दावं तोडून गेली.

मागून चांदपाशा. दुकान बंद करून, हातात चहाची किटली. मयताच्या घरी चूल पेटत नाय ना, शेजाऱ्यानं चहा आणायचा असतो, माणूस रीतीचा. डोळे लाल. "बन्सीभाऊ, सबर करो. अम्मा लई नेक बाई व्हती. माझ्या लग्नात मांडव तिनंच सावरला..." तर ओट्यावरून आवाज, "कोन, चांदपाशा का? चहात साखर बेतानं घातली ना रं?" किटली पडली त्याच्या हातातून! "या अल्ला!" म्हणून खालीच बसला बिचारा. मग हसला, मग परत रडला, आन् मला म्हणतो, "भाऊ, भोंगा असता ना, तर असा धोका कधीच झाला नसता!" खरं हाय त्याचं. चांदपाशानं माईकवरून एकदाही जित्त्या माणसाला मारलं नव्हतं.

पण गाडी? मी चौकात पळालो. चप्पल एका पायात. गाडी नाय! पारावर चारजण बसलेले, मला बघून उठून उभे राहिले, डोक्याची टोपी काढली. "गाडी?" "आली व्हती. आम्ही सांगितलं ड्रायव्हरला, ती बाई काल गेली. बिचारा भला माणूस, हात जोडले आन् पुढच्या गावाला गेला." डॉक्टरचं ते तोंड दिसू राहिलं डोळ्यापुढं. आत फुटंल म्हणले व्हते ना! एवढं करून, शाळेपुढं पाय मोडून, म्हातारीचा डोळा एका झेंडूच्या हारापायी जाणार? खोटं कशाला सांगू, रडलो मी. आन् ते चौघं माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणतात, "रड, बन्सी, मोकळा हो."

सत्यमला धरला. गचांडीच धरली! "अरे, माझी माय जित्ती हाय, सांग सगळ्यांला!" "सांगतो काका, आत्ता टाकतो." टाकलं त्यानं, 'लक्ष्मीबाई जिवंत आहेत.' खाली काय आलं माहितीय? भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. आन् एकानं, 'हार्दिक अभिनंदन, पुढील वाटचालीस शुभेच्छा'.

घरी आलो तर दारात गाड्याच गाड्या! तो समयांचा फोटो फिरत फिरत पाहुण्यांपर्यंत पोचलेला! गारखेड्याहून संध्या अन् जावईबापू जीप घेऊन, मायच्या माहेरचे पिकअप भरून, शहरातल्या छावणीतला मावसभाऊ फुलांचा हार घेऊन. तुम्हाला सांगतो, ह्याच जावईबापूंना शिबिराच्या आधी मी आठ दिवस फोन करू राहिलो व्हतो, "मायला एकदा दवाखान्यात सोडता का?" तर, "मेव्हणे, जीप कामाला लागलीय." आज कशी मोकळी झाली? मायला उचललं, जीपमधी बसवलं, म्हणलं, "दवाखान्यात घ्या!" मागून पिकअप, मागून मोटारसायकली. दवाखान्याच्या दारात वॉचमन म्हणतो, "बॉडी मागच्या दारानं न्या." माय म्हणली, "बॉडी असंल तुझी आजी!" आन् पुढच्या दारानं गेली.

झालं ऑपरेशन. देवाची कृपा, डोळा वाचला. पट्टी निघाली, माय मला न्याहाळून बघती. मला वाटलं आता माझ्या तोंडावरून हात फिरवणार. तर म्हणती, "किती काळा पडलास रं! आन् मोबाईल आन इकडं." माय चौथी शिकलेली हाय. नाकाला मोबाईल लावून सगळ्या श्रद्धांजल्या वाचल्या एकेक. मग बोट थांबलं. "खालच्या आळीच्या राजनंदिनीनं काहीच टाकलं नाय रं?" 

"अगं माय, तू जित्ती हायेस!"

"ते तिला कुठं माहीत व्हतं?"

तेव्हापासून राजनंदिनीशी बोलणं बंद. बिचारी परवा मला चौकात गाठून म्हणती, "दादा, मी टाकलं व्हतं हो, माझं नेट गेलं व्हतं!"

आता उजव्या डोळ्याचं आलंय. पुढच्या आठवड्यात शिबिर. मी मायला म्हणलं, "ह्या खेपंला मी स्वतः चौकात झोपतो, पण गाडी चुकू देत नाय." तर म्हातारी शांतपणे म्हणली, "त्या गाडीचं काय खरं नाय, बन्सी. तू सरळ ग्रुपवर फोटोच टाक, समद्यांच्या गाड्या येतात. पण ह्या वक्ताला जरा हिरव्या लुगड्यातला टाक."