पळायला लायक

— न्हाई हो डॉक्टरसायेब, दम काय लागत न्हाई मला. सुभेदारानं उगाच धाडलं कंपनीच्या दवाखान्यात — जा युसुफ, तपासून ये! काल रहाटणीच्या चढाला पडलो ते बुटामुळं. सारा जलम अनवाणी गेला माझा, सन बावन्न ते चोपन्न, तीन साल चिखलीच्या जत्रंत पळून नारळ घेतला, तो काय बूट घालून? आता कंपनीनं क्यानव्हासचे दिले आन् अंगठ्याचं नख काळं पडलं. नख बघा की, छाती काय बघताय?

पळणं बदललंय, एवढंच. पयलं कसं — मनाला आलं की पळायचं, दमलं की बांधावर बसायचं. आता कंपनीच्या गड्यांना शर्यतीसाठी पळवाया बबनराव सुभेदार पल्टनीतनं आल्यालं, शिट्टी आन् घड्याळ! पहाटं पाचला गेटापास्नं सुटायचं, आकुर्डी, चिखली, रहाटणी, परत — बारा मैल. आन् मग आठची पाळी. पयल्या हप्त्याला मांड्या अशा धरल्या की जिना बसत बसत उतरलो. पडंल अंगवळणी, न पडून सांगतंय कुणाला? — वजन? उतरलं नऊ रतल, व्हय. पळणारा गडी हलकाच पायजे, न्हाई का?

— खातो की! कंपनी रोज शेरभर दूध देती, चार अंडी देती. पितो म्हंजे... आता तुमी असं डोळ्यात बघून इचारलं तर — घरी नेतो. सुभेदाराला कळू देऊ नका, पाया पडतो. माझ्या बायकोला घालतो, ताहेराला. तिच्या अंगात काय ऱ्हायलंच न्हाई. रोज तिनीसांजंला ताप, आन् खोकला... तुमी म्हणता तेच. क्षय. झालं, बोललो! म्हणून तर पळतोय सायेब, हौस कसली? ऐतवारी पुण्याला शर्यत. पयल्या पाचात आलो की कंपनी कायम करणार, आन् कायम माणसाच्या बायकोला हितं, तुमच्या हातनं सुया मिळत्यात. मी पडलो हंगामी, मला इचारतंय कोण? पाच दिस, सायेब. पाच दिस हे शरीर चालू द्या, मग मोडंना का!

घेतो, श्वास घेतो. घेतला. — परत? तितंच नळी का लावताय? पळून पळून छाती भरती तितं. खोकला हाय, पण धुळीचा. रक्त? एकदाच. ...दोनदा. सुभेदाराम्होरं न्हाई, वढ्याकाठी थुकलो, वर माती लोटली —

का वं, हात का धुताय? — लिवू नका. अहो टाक खाली ठिवा! सोमवारी लिवा, शर्यत झाल्यावर काय पायजे ते लिवा, मी अंगठा देतो, सही देतो! ...लिवलंत. 'अनफिट' — तेवढं इंग्रजी येतंय मला वाचाया.

ती म्हणत हुती, माझं भांडं येगळं ठिवा. मीच हसलो. तिच्या ताटातलं खाल्लं, तिला बरं वाटावं म्हणून. आता तिला काय सांगू — तुझंच मला लागलं म्हणून? न्हाई. ते न्हाई सांगायचं. पाय मुरगाळला म्हणतो.

उठतो. ऱ्हाऊ द्या, खांद्यावर हात नका ठिवू सायेब. आत्ताच धुतलेत तुमी.