स्लॅबला लोंबणारा एक बल्ब

आजच्या समारंभाचे अध्यक्ष अमृतराव, व्यासपीठावर बसलेले वायरमन संघटनेचे पदाधिकारी, सत्कारमूर्ती जिलानीभाई, पहिल्या रांगेतल्या रईसाभाभी आणि समोर जमलेल्या बंधुभगिनींनो,

मला दहा मिनिटे दिली आहेत. तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले; घंटा मला कळते. मागच्या रांगेतल्यांनी मोबाइल खिशात ठेवावेत.

जिलानीभाई उद्या लातूर सोडून कंधारला लेकीकडे, कहकशांकडे, राहायला निघालेत. गावातल्या किती छतांना त्यांचा हात लागला, हे आधीच्या वक्त्यांनी सांगितले. मी एकाच छताविषयी बोलणार आहे. माझ्या.

भूकंपानंतर माझ्या सासूबाई, यशोदाबाई, अकरा वर्षे घरात निजल्या नाहीत. आमचे घर पडले नव्हते. त्यांचे माहेर पडले होते. लातूरच्या माणसाला याच्या पुढचे सांगावे लागते का? अंगणात खाट, वर आभाळ. पावसाळ्यात तेवढा पत्रा. दिवसा स्वयंपाकघरात यायचे झाले, तरी आधी मान वर करून वायरला लोंबणारा बल्ब पाहायच्या. हलत नाही ना? मग पाय आत. हसू नका. तुमच्यातले किती जण अजून तसे पाहतात, मला माहीत आहे.

मग क्लासचे दिवस आले. गल्लीत घरोघरी भाड्याच्या खोल्या निघाल्या. आम्हीही बाहेरगावाहून क्लासला येणाऱ्या मुलींसाठी मजला चढवला आणि जिन्याने अंगण खाल्ले. आता सासूबाईंची खाट कुठे? मी ठरवले, समोरच्या खोलीत. खोली अशी करायची की भीती आठवूच नये. फॉल्स सीलिंग आणि त्यात बसवलेले बारा दिवे. आलेखाच्या कागदावर अंतरे मोजून मी नकाशा काढला.

जिलानीभाईंनी कागद पाहिला आणि विचारले, "बाई, खाट कुठं येती?"

"या कोपऱ्यात."

"मंग अम्माच्या डोळ्यात चार दिवे. तुम्ही उभ्यानं नकाशा काढलाव. छत बघतंय कोन? निजलेलं माणूस."

माझी चूक मला दाखवणारी माणसे तेव्हाही कमीच होती. मी काही बोलायच्या आत हे गृहस्थ फरशीवर आडवे झाले. "अम्मा, आत या की. वर बघून सांगा, काय काय पायजे."

सासूबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "छताखाली आनि एक छत? पडायला एक कमी हाय का रे, जिलानी? अन् बल्ब कुठं जानार? हाललं तर मला कळंल कसं?"

मी विज्ञानाची पदवीधर. बारा दिवे मोजले, पण आमच्या घरात दिवा कशासाठी पाहिला जातो, तेच विसरले होते.

चार दिवसांनी काम झाले. सीलिंग फक्त भिंतींच्या कडेने, पट्टीसारखे. मधला स्लॅब उघडा. पट्टीच्या आत वर तोंड केलेले दिवे लपवलेले आणि मधोमध हातभर वायरला एक बल्ब. पंखा त्यांनी भिंतीवर, खाली वळवून लावला. वाऱ्याने बल्ब हलला तर अम्मा घाबरतील म्हणून.

संध्याकाळी बटण दाबले. दिवे कुठेच दिसेनात. नुसता उजेड कडांवरून वर चढत स्लॅबवर पसरत गेला, सूर्य यायच्या आधी पूर्वेला पसरतो तसा. भिंती लांब गेल्या. वर काही आहे की नुसते आभाळ, कळेना. मी चहा हातात धरून उभी होते. चहा निवला तरी उभीच होते. मधे तो बल्ब, उजाडताना मागे राहिलेल्या चांदणीसारखा. विद्यार्थ्याच्या वहीत असली उपमा मी खोडली असती. आज राहू द्या.

सासूबाई आल्या. खाटेवर टेकल्या. आणि बल्ब थरथरला.

"हालला! हालला!" म्हणत त्या उंबऱ्याबाहेर.

वर मुरुडची अयोध्या क्लासहून येऊन धावत होती. मी तिला झापायला जिन्याकडे निघाले. जिलानीभाई आडवे आले. "थांबा, बाई." मग वर तोंड करून, "पोरी, उभी ऱ्हा! आता चाल! आता मार उडी!"

पोरगी थांबली की बल्ब थांबे. चालली की थरथरे. उडीला तर चांगलाच नाचला. सासूबाई उंबऱ्यातून पाहत होत्या. हळूच आत आल्या.

"ही तर अयोध्याच हाय की," त्या म्हणाल्या, आणि खाटेवर आडव्या झाल्या.

पुढे रोज संध्याकाळी त्या उजेडात पडून सांगायच्या, "आली अयोध्या. शिवकन्या यायची हाय अजून." त्या गेल्या, त्याही त्याच खोलीतून, त्याच खाटेवरून.

गेल्या वर्षी खोलीला रंग देताना मी जिलानीभाईंना म्हटले, आता तो बल्ब काढा. ते शिडीवर चढले, वायर हातात घेतली आणि थांबले. मी विचारले, तुमच्या घरी कसे सीलिंग आहे हो? म्हणाले, "सीलिंग न्हाई. बल्ब हाय. रईसा बघती रोज."

काय म्हणालात, भाभी? मोठ्याने सांगा. "हे सोता बघत्यात, अन् नाव माझं!" भाषणाच्या मधे बोलू नये. पण बरे झाले बोललात.

मी त्यांना शिडीवरून खाली उतरवले. बल्ब आहे. हल्ली त्या खाटेवर मी पडते. वर नव्या मुली आहेत. शेवटची आली की मला कळते.

भाई, कहकशांच्या घरी पहिले काम काय कराल, ते सांगायला नको. पंख्यापासून लांब लावा.

संयोजकांनी मला बोलावले, आपण शांत बसून ऐकलेत, आभारी आहे. कुणाचे नाव राहिले असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर बाईंची जुनी सवय समजून पोटात घाला.

आणि एकदा वर पाहा. या सभागृहाचे सीलिंगही त्यांचेच. सगळे दिवे लपवलेले; फक्त त्या डाव्या कोपऱ्यात वायरला एक बल्ब आहे.

हलत नाही. निवांत जेवून जा.