देवीनं पिकवलेलं शेत

धुळ्याच्या स्टँडवर सोनगीरच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर एक सासरा आणि त्याचा नवा जावई बसले होते.

"जावई, जत्रेचा प्रसाद घ्या. ह्या ज्वारीच्या लाह्यांवर आमचं गाव वसलं."

"ते कसं, मामा?"

"आमचे मूळपुरुष सात दिवस उपाशी चालत आले. आठव्या दिवशी डोळे उघडले, तर समोर पिकलेलं शेत! देवीनं एका रात्रीत पिकवलं."

"आणि शेतात मचाण होतं म्हणतात?"

"होतं. वर गोफणसुद्धा होती."

"देवीला गोफण कशाला?"

"पाखरं नको हाकायला? देवी काय अर्धवट काम करते?"

"बुजगावणंही होतं?"

"त्याचीच तर पूजा करतो आम्ही. यंदा टेरिकॉटचा सदरा घातला त्याला."

"मामा, मग ते शेत कोणीतरी पेरलेलं असणार."

"बठ्ठं देवीनंच शे, सगळं तिचंच, सांगितलं ना!"

"पण पेरणारा कधी आलाच नाही?"

"आला ना. दुसऱ्याच दिवशी आला, बायकापोरं घेऊन, बोंबलत."

"मग?"

"मग काय! आमच्या लोकांनी त्याला रांगेत उभं केलं, आणि त्यालाही मूठभर प्रसाद दिला."